हाँगकाँगचा गोल्डफिश बाजार: कसा पाहावा, काय घ्यावे, काय घेऊ नये

हाँगकाँगच्या काउलून भागात माँग कॉक येथे तुंग चोई स्ट्रीट नावाचा लांबलचक रस्ता आहे. त्याचा दक्षिणेकडचा भाग ‘लेडीज मार्केट’ या नावाने पर्यटकांना ठाऊक असतो. तेथे कपडे आणि किरकोळ वस्तू मिळतात. उत्तरेकडे चालत गेले की हळूहळू कपडे संपतात आणि शोभेचे मासे, पाणवनस्पती व मत्स्यटाकीचे साहित्य विकणारी दुकाने एकमेकांना खेटून सुरू होतात. हाच तेथील गोल्डफिश बाजार. ‘तुंग चोई’ हे पाण्यात वाढणाऱ्या, पोकळ देठाच्या एका पालेभाजीचे कँटोनीज नाव असून, शहर वाढण्यापूर्वी येथे तिचे मळे होते म्हणून रस्त्याला ते मिळाले. जेथे पूर्वी पाण्यातली भाजी पिकत होती तेथे आज पाण्यातली रोपे विकली जातात, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

जाण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी नक्की करून ठेवावे. आपण हाँगकाँगमध्ये चार दिवसांचे पाहुणे आहोत, की नोकरी-शिक्षणासाठी तेथे राहत असून आपल्या खोलीत चालू स्थितीतली टाकी आहे? पाहुण्याने जिवंत काहीही विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. हॉटेलच्या खोलीत मासा जगवता येत नाही, पाण्याची पिशवी विमानतळाच्या सुरक्षा तपासणीतून केबिनमध्ये नेता येत नाही, आणि मायदेशी जिवंत मासे किंवा रोपे नेण्यासाठी लागणारे परवाने व आरोग्य प्रमाणपत्रे बाजारातल्या पावतीबरोबर मिळत नाहीत. तरीही पाहुण्याने हा बाजार अवश्य पाहावा, कारण इतक्या थोड्या जागेत इतक्या जातींचे मासे जवळून न्याहाळण्याची आणि निरोगी मासा कसा दिसतो हे डोळ्यांत साठवण्याची संधी क्वचित मिळते.

येथे पोहोचणे सोपे आहे. भुयारी रेल्वेचे प्रिन्स एडवर्ड स्थानक सर्वांत सोयीचे असून तेथून काही मिनिटांत चालत जाता येते. दुकाने सकाळी उशिरा उघडतात आणि रात्रीपर्यंत चालू राहतात. शांतपणे पाहायचे असेल तर कामाच्या दिवशी, उघडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत जावे. शनिवार-रविवारी संध्याकाळी पदपथावर पाऊल ठेवायला जागा नसते. उन्हाळ्यात सकाळची वेळ आणखी एका कारणाने चांगली: पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि दिवसभर दारात टांगलेल्या पिशव्यांतले मासे संध्याकाळी थकलेले असतात.

या बाजाराची ओळख म्हणजे त्या पिशव्याच. दुकानांच्या दर्शनी भागात जाळ्यांवर आकड्यांना शेकडो फुगीर पारदर्शक पिशव्या टांगलेल्या असतात. प्रत्येकीत थोडे पाणी, वर वायू आणि आत एक किंवा अनेक मासे असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे क्रूर वाटते, आणि तो प्रश्न मनात येणे योग्यच आहे. परंतु पिशवीतले रसायन समजून घेतले तर चांगली पिशवी आणि वाईट पिशवी यांत फरक करता येतो. नीट बांधलेल्या पिशवीत साधारण एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश प्राणवायू असतो. मासा श्वसनातून कार्बन डायऑक्साइड आणि कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू (पीएच) उतरतो आणि त्या काहीशा आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचा बराचसा भाग कमी विषारी असलेल्या अमोनियमच्या रूपात राहतो. म्हणून बंद पिशवीत मासा काही तास बऱ्यापैकी सुरक्षित असतो. पाणी गढूळ झालेली, तळाशी विष्ठा साचलेली किंवा वायू निघून सैल पडलेली पिशवी बराच वेळ टांगलेली आहे असे समजावे आणि पुढे जावे.

मासा निवडताना, किंवा नुसता पाहतानाही, घाई करू नये. एका पिशवीसमोर किंवा टाकीसमोर पूर्ण दोन मिनिटे उभे राहावे. निरोगी माशाचे पर उघडलेले असतात. ते अंगाशी चिकटलेले असतील तर मासा आजारी किंवा भेदरलेला असतो. दोन्ही कल्ले सारख्या लयीत हलले पाहिजेत. एकच कल्ला चालत असेल, किंवा मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असेल, तर कल्ल्यांना परजीवींची बाधा झालेली असू शकते. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होय. सोनेरी धुळीसारखा बारीक थर दिसला तर तोही परजीवींचाच संसर्ग असतो. पोट आत गेलेले आणि डोके अंगाच्या मानाने मोठे दिसणारे मासे दीर्घकाळ उपाशी किंवा आतून आजारी असतात, आणि नवख्या माणसाला ते क्वचितच वाचवता येतात. ज्या टाकीत एक मेलेला मासा तरंगतो आहे तिच्यातला दुसरा कितीही देखणा असला तरी घेऊ नये. काचेवर किंवा पिशवीवर टिचकी मारून माशाला हलवून पाहण्याची सवय अनेकांना असते. ती टाळावी, आणि छायाचित्र काढताना फ्लॅश बंद ठेवावा. काही दुकानांत छायाचित्रे काढू देत नाहीत, तेव्हा आधी विचारलेले बरे.

रंगांबाबत विशेष सावध राहावे. फ्लोरोसंट गुलाबी किंवा निळ्या पट्ट्यांचे काचमासे दिसले तर तो रंग निसर्गाचा नसून सुईने टोचलेला असू शकतो. हा मासा मुळात जवळजवळ पारदर्शक असतो, टोचलेला रंग काही काळाने फिका पडतो, आणि त्या जखमांतून जंतुसंसर्ग होतो. असे मासे घेणे म्हणजे ती पद्धत चालू ठेवायला पैसे देणे होय.

गोल्डफिश हे या बाजाराचे नावच असल्यामुळे त्यांच्यापुढे थोडे अधिक थांबावे. चीनमध्ये कार्प कुळातल्या एका माशापासून ते घडवले गेले आणि सोंग राजवटीत, म्हणजे 960 ते 1279 या काळात, त्यांचे संगोपन रुजले. चिनी भाषेत ‘मासा’ आणि ‘भरभराट, शिल्लक’ या अर्थाच्या शब्दांचा उच्चार एकच आहे, ‘यू’. म्हणून घरात किंवा दुकानात मासे असणे शुभ मानले जाते, आणि संख्येचाही विचार होतो: आठ हा आकडा भाग्याचा, तर चार हा मृत्यूशी उच्चारसाम्य असल्याने टाळला जाणारा. एखादे कुटुंब गंभीरपणे मासे मोजून घेताना दिसले तर त्यामागे हा विश्वास असतो. ओरांडा, रांचू आणि टपोऱ्या डोळ्यांचे टेलिस्कोप या गोल्डफिशच्या प्रकारांकडे पाहताना ते सरळ पोहतात का, हे बघावे. आखूड, गोलसर शरीरामुळे त्यांच्या वाताशयात, म्हणजे पाण्यात तोल राखणाऱ्या हवेच्या पिशवीत, बिघाड होण्याचा संभव असतो आणि असा मासा एका कुशीवर कलतो किंवा उलटा तरंगतो.

भाव हाँगकाँग डॉलरमध्ये पिशवीवरच लिहिलेला असतो, पण तो एका माशाचा, जोडीचा की पूर्ण पिशवीचा हे चिनी अक्षरांत असल्याने आपल्याला कळत नाही. बोटे दाखवून विचारून घ्यावे. ‘गेइ तो चिन’ म्हणजे ‘किती पैसे’ आणि ‘म् गोय’ म्हणजे ‘कृपया’ किंवा ‘आभारी आहे’ एवढे दोन शब्दप्रयोग आले तरी विक्रेत्याचा चेहरा खुलतो. सुट्टी रोकड जवळ असावी. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नसल्याने परतावा मागण्याचा प्रश्न येत नाही.

आता रोपांकडे वळू. माझ्या मते या रस्त्याचा सर्वांत समृद्ध भाग तोच आहे, आणि पर्यटक नेमके तेथूनच घाईने जातात. रोपे तीन रूपांत मिळतात: शिसाच्या पट्टीने बांधलेल्या जुड्या, कुंडीतली रोपे आणि टिश्यू कल्चरचे बंद कप. कपातली रोपे प्रयोगशाळेत निर्जंतुक जेलवर वाढवलेली असल्याने त्यांच्यासोबत गोगलगायी, शेवाळ किंवा कीटकनाशक टाकीत येत नाही. झिंगे पाळणाऱ्यांनी तीच घ्यावीत, कारण इतर रोपांवर राहिलेल्या कीटकनाशकाचा अंशही झिंग्यांना मारक ठरतो. कुंडीतली पुष्कळ रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती टाकीत लावली की जुनी पाने गळतात आणि पाण्यात जगणारी नवी पाने येतात. क्रिप्टोकोरिन नावाच्या पाणवनस्पतीत तर संपूर्ण रोप विरघळल्यासारखे दिसते. मूळ घट्ट असेल तर ते पुन्हा फुटते, म्हणून ते उपटून फेकू नये. आफ्रिकेतले अनुबियास आणि बोर्निओच्या ओढ्यांतल्या खडकांवर उगवणारे बुसेफॅलँड्रा घेताना आडवे खोड बोटाने हलके दाबून पाहावे. ते टणक हवे. मऊ लागले किंवा कुजकट वास आला तर सड सुरू झाली आहे. हे खोड वाळूत पुरायचे नसून दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायचे असते. बुसेफॅलँड्राच्या बाबतीत रोपवाटिकेत वाढवलेले रोप मागावे, कारण त्याची मागणी वाढल्यावर बोर्निओतले खडकच्या खडक ओरबाडले गेले आहेत.

कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी. संकटग्रस्त प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापाराबाबतचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे साइटिस, हाँगकाँगमध्ये एका स्वतंत्र कायद्याने लागू आहे. त्या कायद्याखालची कमाल शिक्षा 2018 मध्ये वाढवून 1 कोटी हाँगकाँग डॉलर दंड आणि 10 वर्षे कैद इतकी करण्यात आली. या बाजारात दिसणारा आशियाई अरोवाना हा मासा साइटिसच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या, परिशिष्टात आहे. केवळ नोंदणीकृत केंद्रांत पैदा झालेले मासेच परवान्यानिशी विकता येतात आणि त्यांच्या अंगात ओळखीची मायक्रोचिप बसवलेली असते. समुद्री घोडे, कठीण प्रवाळ आणि महाकाय शिंपले दुसऱ्या परिशिष्टात येतात. असे काहीही हाँगकाँगबाहेर न्यायचे तर तेथील कृषी, मत्स्य व संवर्धन विभागाचा परवाना लागतो. ‘लहान आहे, कोणी पाहत नाही’ हा विक्रेत्याचा किंवा मित्राचा सल्ला मुळीच ऐकू नये.

कोरडे साहित्य मात्र पाहुण्याने मनसोक्त घ्यावे: रोपे लावायचे लांब चिमटे, वाकड्या कात्र्या, जाळ्या, पाण्याच्या चाचणीचे संच, स्पंजचे फिल्टर. हाँगकाँगची वीज 220 व्होल्ट, 50 हर्ट्झ आहे आणि प्लग तीन चौकोनी पायांचा ब्रिटिश धाटणीचा असतो. मोटर असलेला पंप घेण्यापूर्वी त्यावरील आकडे आपल्या घरच्या विजेशी जुळतात का ते पाहावे. कार्बन डायऑक्साइडचा भरलेला सिलिंडर विमानात नेता येत नाही, आणि द्रव खते चेक-इन सामानातच ठेवावी लागतात.

जे तेथेच राहतात आणि मासा घेऊन घरी निघाले आहेत त्यांनी पिशवी काळ्या कापडी थैलीत ठेवावी, वाटेत उन्हात किंवा थंड वातानुकूलित झोताखाली धरू नये, आणि थेट घर गाठावे. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली की तापमान जुळते. उघडल्यानंतर मात्र रेंगाळू नये. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि इतका वेळ निरुपद्रवी असलेला अमोनिया विषारी होतो. लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडी ठेवून तासभर थेंब थेंब पाणी मिसळणे म्हणूनच धोक्याचे असते. माशाला जाळीने किंवा ओल्या हाताने उचलून टाकीत सोडावे आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतावे, टाकीत नव्हे. शक्य असेल तर नव्या माशाला दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. पुढे तो फार मोठा झाला किंवा सांभाळणे जमेनासे झाले, तर आधी दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला विचारावे. ओढ्यात किंवा जलाशयात सोडू नये, कारण हाँगकाँगच्या डोंगरी ओढ्यांत तेथले स्वतःचे मासे आणि हाँगकाँग न्यूट नावाचा संरक्षित उभयचर राहतो, आणि परका मासा त्यांच्या वाट्याला रोग आणि उपासमार घेऊन जातो.