लग्नपत्रिकेतून पायरॉक्समँगाइटची साखळी कशी करायची

बीएस्सीला जिऑलॉजी घेतलेली नांदेड-लातूरकडची पोरं विचारायलेत की सायलिकेटची (सिलिकॉन-ऑक्सिजनवाल्या खनिजांची) साखळी पुस्तकात वाचली की कळते पण डोळ्यासमोर काही येत नाही. मग मॉडेल करा, आणि करायचंच तर पायरॉक्समँगाइटचं करा. दुर्मिळ, गुलाबी खनिज आहे, एका सिलिकॉनमागं एक मँगनीज अन् तीन ऑक्सिजन, थोडं लोखंडही घुसलेलं असतं. आपल्याकडच्या काळ्या दगडात शोधायला जाऊ नका, ते मँगनीजच्या रूपांतरित खडकातलं. पण काळ्या दगडात ऑगाइट नावाचं खनिज भरपूर असतं आणि तेही साखळीवालंच, म्हणून सुरुवात तिथून.

लग्नसराईनंतर घरात पत्रिकांचा ढीग असतोच, त्यातल्या जाड बघून घ्या (गणपतीचा फोटो तेवढा कापू नका, आजी घरात घेणार नाही). १० सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण कापायचा, तिन्ही बाजूंचे मध्य जोडून त्या रेघांवर घडी घालायची आणि टोकं वर आणून टेप मारायची, झाला ५ सेंमीचा टेट्राहेड्रॉन (चार त्रिकोणी बाजूंचा पिरॅमिड). असे १४ करा. मधे सिलिकॉन आहे असं समजायचं, चार टोकांना चार ऑक्सिजन. ऑक्सिजनसाठी लाल मणी, संभाजीनगरात असाल तर गुलमंडीत बघा.

आता सुई-दोऱ्यानं टोकाला टोक जोडत जा, दोघांत मिळून मणी एकच. सगळे टेबलावर बसलेले, शेंडा वर, जोडलेली टोकं एका ओळीत आणि पायाचं उरलेलं टोक एकाचं डावीकडं तर पुढच्याचं उजवीकडं. डावा-उजवा, डावा-उजवा, दर दोनानंतर तेच. ही झाली ऑगाइटची साखळी.

खरी मजा पुढं आहे. पायरॉक्समँगाइटमधे दर सातानंतर नक्षी परत सुरू होते, आणि सात विषम, म्हणजे डावा-उजवा करत सातव्यावर आलात की तो डावा आणि पुढच्या सातातला पहिलाही डावाच! लेझीमच्या रांगेत एकाचा पाय चुकावा तसं, फक्त इथं तो दर सातव्या पावलाला ठरवून चुकतो. हे दोन डावे सरळ ओळीत ठेवू नका, सांध्यापाशी थोडं वाकवा, त्यांची मोकळी टोकं एकमेकांपासून लांब जातील असं, मग बाकीच्यांना थोडं थोडं वळवून ओळ परत मूळ दिशेला आणा आणि थर्माकोलवर फेविकॉलनं पक्कं करा. सरांनी विचारलं तर सांगा, हे सात म्हणजे वोलॅस्टोनाइट या साखळीवाल्या खनिजाचे तीन अधिक पायरॉक्सीनचे (ऑगाइट ज्या गटातला त्याचे) दोन-दोन. ऱ्होडोनाइट या खनिजाची साखळी पाहिजे असेल तर तीन अधिक दोन, पाचाचं करा.

बरोबर जमलं का ते पट्टीनं बघायचं. खऱ्या स्फटिकात सातांची लांबी साधारण १७.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंमीचा दहा कोटीवा भाग), आपल्या मापात ३३ सेंमीच्या आसपास. ३५ भरले तर तुम्ही वाकवलंच नाही, सरळ ताणून ठेवलंय. ही रचना १९५९ मधे जर्मन स्फटिकशास्त्रज्ञ फ्रिडरिश लिबाऊनं मांडली, पोस्टरवर लिहायला विसरू नका.

शेवटी एका साताचे मणी मोजा, पण पुढच्या सातासोबत सामाईक असलेला मणी एकदाच धरा. २१ यायला पाहिजेत, सात सिलिकॉनला एकवीस.