आत्या लग्न लावणार? लावू द्या की!

न्यू जर्सी सोडून वेंगुर्ल्याजवळ घर बांधलं त्याला बारा वर्षं झाली. इकडे कायमचं राहायला येणारं नवं बिऱ्हाड आधी विहिरीचं पाणी, सातबारा आणि माकडं यांबद्दल विचारतं. ते झालं की हळूच येतं, “मुलीचं लग्न इथेच, घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात करायचंय. लावणार तिची आत्या. कायद्याने चालेल ना?”

चालतं. मीच करून बसलोय, माझ्या मुलीचं लग्न माझ्या बहिणीने लावलं. फक्त तिकडचा हिशेब इकडे लावू नका. अमेरिकेत आधी लायसन्स काढायचं आणि लग्न लावणारा माणूसही कायद्याला मान्य हवा. म्हणून तर तिथे कुणाचा भाऊ ऑनलाइन ‘मिनिस्टर’, म्हणजे पाद्री होतो, कॅलिफोर्नियातल्या काही काउंट्यांत कुणाची मावशी एका दिवसापुरती लग्न लावणारी डेप्युटी कमिशनर होते. आपला 1955 चा हिंदू विवाह कायदा लग्न कोणी लावलं ते विचारत नाही, काय विधी झाले ते विचारतो. कलम 7 प्रमाणे वधू किंवा वर, कोणा एकाकडच्या रूढीचे विधी हवेत, आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी संस्थेने तयार केलेल्या स्त्रिया कितीतरी वर्षं लग्नं लावताहेत. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधकांनी तर 1873 सालीच ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लावून दाखवलं.

म्हणून आत्या हौसेने दोन कविता वाचेल, मुलं आपल्या शपथा घेतील, सगळं करा. पण सप्तपदी गाळू नका. विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर ते हिंदू लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्टच सांगितलंय.

आमच्याकडे तांदळाच्या सात राशी मांडल्या होत्या. मंगलाष्टका चालू असताना शेजारच्या कोंबडीने तिसरी रास निम्मी संपवली. बहिणीने पोथी काखेत मारली, कोंबडी हाकलली, नवे तांदूळ मांडले आणि मगच मुलीला पुढे घेतलं. पहिलं पाऊल अन्नाचं, दुसरं बळाचं, असं करत सातवं सख्याचं, प्रत्येकाचा अर्थ मराठीत सांगून. त्या सात पावलांचं शूटिंग अखंड ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

जावई किंवा सून मुस्लिम, ख्रिस्ती अशा दुसऱ्या धर्माची असेल (बौद्ध, जैन, शीख हिंदू विवाह कायद्यातच येतात) आणि धर्म बदलायचा नसेल, तर मात्र आत्याचं काम नाही. तिथे 1954 चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य, मग 30 दिवसांची नोटीस, आणि तीन साक्षीदार घेऊन विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न. सुट्टी पंधरा दिवसांची काढून येणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. अधिकाऱ्यासमोर सह्या सकाळी करा, आत्याचा सोहळा संध्याकाळी. त्याला कोण अडवतंय?

आता कागद. लग्न झाल्यावर 90 दिवसांच्या आत नोंदणी करा, लांबणीवर टाकू नका. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते. फॉर्मवर वधूवरांच्या, तीन साक्षीदारांच्या सह्या आणि पुरोहिताचा रकाना. आमच्या वेळी कारकुनाने तो रकाना बघून विचारलं, “भटजी खंय?” बहीण समोरच उभी. बाईची सही चालणार नाही म्हणाला. असं कायद्यात कुठेही नाही, पण आमच्या दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स, सप्तपदीचे फोटो आणि छापील पत्रिका पुढ्यात ठेवली, तेव्हा मुकाट्याने शिक्का पडला. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पत्रिकेवर विसंबू नका, पंचवीस तरी छापून घ्या. लग्न लावणारीचं नाव त्यात घाला. आणि आत्या परदेशातून आलेली असेल तर तिची सही विमानात बसण्याआधी घ्या.

गावातल्या भटजींना मात्र आधी जाऊन भेटा. मुहूर्त त्यांच्याकडूनच काढा, दक्षिणा द्या. आमच्या भटजींनी तर तीन संध्याकाळी बसून बहिणीचे उच्चार सुधारून घेतले. गावकीतही सांगा, नाहीतर माटव, म्हणजे मांडव घालायला माणूस मिळणार नाही.

आणि गाऱ्हाणं, म्हणजे कार्याआधी देवाला घालायचं साकडं. आम्ही ते विसरलोच होतो. सकाळी वाडीतले ऐंशी वर्षांचे आजोबा आपणहून आले, नारळ हातात घेऊन देवाच्या दिशेने उभे राहिले. गावाच्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाल्यावर म्हणाले, “ह्या चेडवाच्या हातसून काय चूकभूल झाली तर पदरात घे रे म्हाराजा!”

बासष्ट वर्षांच्या माझ्या बहिणीला चेडू, म्हणजे पोर! ती पदराआड हसत होती, तोवर अख्खं खळं एका आवाजात म्हणालं, “व्हय म्हाराजा!”