बॅगेत सिगारेट शोधताय? या चुका टाळा

पोराचं व्यसन म्हटलं की आपल्याला डोळ्यासमोर ड्रग्जची पुडी येते, त्यामुळे जे किराणा दुकानात उघड लटकलेलं असतं त्याच्याकडे लक्षच जात नाही. माझंही तेच झालं, धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात गोड सुपारीच्या रिकाम्या पुड्या निघाल्या आणि मी म्हटलं, जाऊदे, सुपारीच तर आहे, आजीपण खायची.

हीच मोठी चूक. पुडीवर तंबाखू नाही असं लिहिलेलं असतं, पण लत सुपारीचीच लागते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो असं सांगितलंय. गाल आतून ताठ होतात, तिखट खाल्लं की आग होते, तोंड उघडेनासं होतं. पोराला आ करायला लावा आणि त्याचीच तीन बोटं एकावर एक ठेवून उभी आत घालायला सांगा. आमच्याकडे दोन गेली, तिसरं अडलं. मग घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ डेंटिस्ट.

दुसरी चूक, वास फक्त दारूचा घेणं. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन पोरं नशेसाठी हुंगतात, त्यांचा वास रुमालाला नाहीतर शर्टाच्या बाहीला येतो, ओठांभोवती पुरळ दिसतं. आणि हुंगताना सापडला तर प्लीज ओरडू नका, मागे धावू नका, कारण त्या वेळी एकदम दचकला किंवा पळाला तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो, पहिल्यांदाच हुंगणाऱ्याचाही. खिडक्या उघडा, शांत बसवा, शुद्ध हरपली तर १०८.

एनर्जी ड्रिंक तर आपणच आणून देतो, परीक्षा आहे ना! कॅनवर बारीक अक्षरात मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं तेवढं वाचा. लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमधे ७५, रात्री दोन घेतले की झोप गेली आणि सकाळी परत एक लागतो.

खोकल्याचं जुनं औषध कपाटात पडलंय का तेही बघा, त्यात कोडीन (अफूच्या जातीचं, सवय लावणारं औषध) असेल तर काढून टाका.

आणि "कोणी शिकवलं?" हे आधी विचारू नका, "दिवसाला किती?" विचारा. मी आवाज चढवला नाही म्हणून आमच्या चिरंजीवांनी खाली बघत सांगितलं, बारा पुड्या. १४४४६ ला, म्हणजे व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनला, त्याच्यासमोरच फोन लावला.