टाइल्सचे अडकलेले पैसे

फ्रीमाँटमधल्या एका घराच्या बाथरूमच्या टाइल्स आम्ही बसवल्या. काम मुख्य कंत्राटदाराकडून घेतलेलं, घरमालकाशी माझा करार नाही. बिल १८,४०० डॉलरचं. 'शुक्रवारी नक्की' करत कंत्राटदाराने अडीच महिने घालवले.

मला तारलं ते एका कागदाने. कॅलिफोर्नियात उपकंत्राटदाराने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत मालक, मुख्य कंत्राटदार आणि बांधकामाला कर्ज देणारी बँक असेल तर तिला प्राथमिक नोटीस पाठवायची असते, म्हणजे 'मी इथे काम करतोय, पैसे थकले तर घरावर हक्क सांगू शकतो' असं कळवायचं. मी ती तिसऱ्याच दिवशी सर्टिफाइड पोस्टाने पाठवली होती. बायको म्हणाली होती, "आधीच भांडण कशाला?" पण इथे त्यात कुणाला काही वाटत नाही.

मग त्या नोटिशीच्या जोरावर मेकॅनिक्स लीन. म्हणजे सातबाऱ्यावर बोजा चढतो तसा घरावर चढवायचा. मुदत काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवस. मालकाने पूर्णत्वाची नोटीस नोंदवली तर आपल्याला त्यापासून जेमतेम ३०. तशी नोंद नव्हती, हे आधी तपासलं. मालकाला प्रत पोस्टाने धाडली आणि ८१व्या दिवशी ओकलंडला काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे मालमत्तेच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात, लीन नोंदवला.

मालकाचं रीफायनान्स (जुनं गृहकर्ज फेडायला नवं घेणं) चालू होतं, ते अडकलं. त्याने कंत्राटदाराला काय सुनावलं कोण जाणे, नवव्या दिवशी चेक हातात! बरं झालं, नाहीतर नोंदीपासून ९० दिवसांत दावा लावावा लागला असता. नाही लावला तर लीन बाद.

कंत्राटदाराने चेकसोबत विनाअट सोडचिठ्ठीही, म्हणजे मी लीनचा हक्क सोडल्याचा कागद, सहीसाठी पुढे केली. म्हटलं, आधी चेक वटू दे. वटला, मग सही करून बोजा उतरवला.