शनिवारी जिंकलेली गाडी रविवारी ओढून का आणावी लागते? रेस वीकेंडच्या या चुका टाळा

शनिवारी गाडी पोडियमवर आणि रविवारी तीच गाडी दोरीने ओढत परत, किंवा दोन गाड्यांपैकी एक पहिल्या तिनात आणि दुसरी गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभी, असं झालं की टीममधले सगळे म्हणतात नशीब नव्हतं. हे वाक्य ऐकलं की मला चीड येते. छोट्या टीममध्ये दोन गाड्या सांभाळत इतके सीझन काढले, खरोखर नशिबाने गेलेल्या रेस हाताच्या बोटांवर मोजता येतील, म्हणजे दुसऱ्याने येऊन ठोकलं वगैरे. बाकीच्या सगळ्या आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्येच हरलेल्या होत्या. दरवर्षी नवीन पोरं येतात आणि त्याच चुका करतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

सगळ्यात मोठी चूक ही की चांगल्या चाललेल्या गाडीकडे कोणी बघत नाही. बिघडलेल्या गाडीभोवती सहा जण, आणि जिंकलेली गाडी पुसून, स्टिकर सरळ करून कोपऱ्यात. आमच्याकडे एकदा शनिवारची रेस पहिल्या गाडीने जिंकली आणि दुसरीचा तिसरा गिअर सुटत होता, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत सगळे गिअरबॉक्सखाली. जिंकलेल्या गाडीला फक्त रविवारसाठी चाकांचा दुसरा सेट लावायचा होता, आणि त्या सेटचे रिम नुकतेच रंगवून आणलेले. ज्या पोराने चाकं लावली त्याने टॉर्क रेंचनेच लावली (ठरलेला ताण आला की हा पाना क्लिक करतो), क्लिक मी स्वतः ऐकला, म्हणून मी निश्चिंत. सकाळच्या वॉर्म-अपला ड्रायव्हर रेडिओवर म्हणाला, मागे डावीकडे थरथर जाणवतेय. मी म्हटलं टायर थंड आहेत, अजून दोन लॅप मार. गाडी आत आली तेव्हा त्या चाकाला हात लावायचा सोडून मी परत गिअरबॉक्सकडे गेलो. रेसच्या सहाव्या लॅपला डावं मागचं चाक निखळलं आणि गाडीच्या पुढे पळत गेलं. ड्रायव्हर सुखरूप होता, चाक जाळीच्या कुंपणावर आदळून थांबलं, आणि कुंपणाच्या पलीकडे चार पावलांवर एक मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या सुरक्षेचा माणूस, उभा होता. तो मार्शल मला अजून दिसतो.

नंतर उरलेल्या तीन चाकांना पाना लावला तर नट हाताच्या जोरावर पाव-पाव फेरा फिरले. चाक उतरवून बघितलं, रिममध्ये नट टेकतो त्या खोलगट जागेतला रंग चुरून तिथे चकचकीत कडी उमटलेली, हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणाऱ्या पाठीवरही तेच. रेंच बरोबरच होता, पण त्याने जो ताण मोजला तो रंगाच्या थरासकट मोजला. ब्रेकची उष्णता लागली, रंग दबला, आणि जेवढा दबला तेवढी पकड सुटली. म्हणजे क्लिक ऐकला की काम झालं असं नसतं, हे मी तेव्हा शिकलो.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. नवीन किंवा रंगवलेलं रिम आलं की नट बसायची जागा आणि हबकडची पाठ खरवडून धातू उघडा करायचा, चाक लावल्यावर नटवर आणि रिमवर मिळून पेंट मार्करने एक रेघ मारायची, पहिल्या छोट्या रननंतर गाडी थंड झाली की परत रेंच लावायचा. रेघ तुटलेली दिसली की नट हललाय, लांबूनही कळतं. आणि ज्याने चाक लावलं त्याने तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं आणि मोठ्याने नाव घेऊन सांगायचं, "डावं मागचं झालं". पोरांना सुरुवातीला याची लाज वाटते, मग सवय होते. इम्पॅक्ट गनने घट्ट करून "बसला, बसला" म्हणणाऱ्याला मी गाडीजवळ येऊ देत नाही.

मोठ्या टीमचंही वेगळं नाही. फॉर्म्युला वनची मोनॅको २०२१, फेरारीचा लेक्लेर क्वालिफाइंगमध्ये (रेसच्या जागा ठरवणाऱ्या फेरीत) ठोकतो पण पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, त्याचीच राहते, फेरारीवाले रात्री गिअरबॉक्स तपासतात, तो ठीक निघतो. रविवारी ग्रिडकडे जाताना ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) हब तुटतो, आणि तोही डावीकडचा, म्हणजे ज्या बाजूला मार बसला होता त्याच्या विरुद्ध बाजूचा. पोलवाल्याने रेस सुरूही केली नाही आणि त्याच टीमचा साइंझ दुसरा आला. गाडी ठोकली की आपण फोडलेल्या बाजूकडेच बघतो, पण धक्का सगळ्या गाडीतून जातो, त्यामुळे ठोकलेल्या गाडीचे चारही कोपरे उघडायचे, वेळ नसला तरी. मेलबर्न २०१८ पण आठवतं, हास टीमच्या गाड्या चौथ्या आणि पाचव्या होत्या, दोन लॅपच्या अंतराने दोन्हींचे पिटस्टॉप झाले आणि दोन्हींचा एक-एक नट आट्यांवर वाकडा चढला. दोन्ही गाड्या तिथेच बाद. वेगवान गाडी बनवायला अख्खा हिवाळा लागतो आणि घालवायला एक नट पुरतो, म्हणून पिटस्टॉपचा सराव "वेळ मिळाला तर करू" म्हणून कधी ठेवायचा नाही.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे एका वेळी चार गोष्टी बदलणं. क्वालिफाइंग वाईट गेलं की सगळ्यांना घाई होते, पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) मऊ कर, कॅम्बर (चाकाचा तिरपेपणा) वाढव, टायरची हवा कमी कर, मागचा विंग एक खाच खाली घे, सगळं एकदम. शुक्रवारी आम्ही एकदा हेच केलं, ड्रायव्हरची तक्रार होती की गाडी वळणात नाक आत घेत नाही, आणि शेवटच्या सेशनला गाडी खरंच अर्धा सेकंद फास्ट झाली. सगळे खूश. कोणाच्या लक्षात आलं नाही की ऊन उतरलं होतं, ट्रॅक थंड झाला होता आणि तोवर दिवसभरात लाइनवर रबरही बसलं होतं, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्याच गाड्या तेवढ्याच फास्ट झाल्या होत्या. शनिवारी भर दुपारी रेस, तिसऱ्या लॅपपासून मागचे टायर संपायला लागले आणि गाडीचं शेपूट प्रत्येक वळणात बाहेर. परत शुक्रवार सकाळच्या सेटअपवर जाऊ म्हटलं तर तो कोणी लिहूनच ठेवला नव्हता, एकाला कॅम्बर आठवत होता, दुसऱ्याला हवा, आणि दोघांचे आकडे जुळेनात.

म्हणून एक वही, कागदाचीच, लॅपटॉपवर नको कारण लॅपटॉप कोणीतरी डेटा बघायला उचलून नेतो. प्रत्येक रनला ट्रॅकचं तापमान, जाताना हवा, येताना हवा, काय बदललं, ड्रायव्हर काय म्हणाला. एका वेळी एकच बदल, आणि फरक चांगला वाटला तरी एकदा जुन्यावर परत जाऊन बघायचं की तो फरक बदलाचा होता की ट्रॅकचा. यात एक अख्खा सेशन जातो हे मान्य, नवीन पोरांना हे फार जड जातं, त्यांना सिम्युलेटरवर पाच मिनिटांत दहा सेटअप बघायची सवय असते. आणि कृपा करून दुसऱ्या गाडीचं सेटअप उचलून आपल्या गाडीला लावू नका. त्या ड्रायव्हरचा ब्रेक मारायचा ढंग वेगळा, डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर) किती चालले आहेत ते वेगळं, आणि तुम्ही त्याचा आजार पण सोबत घेऊन येता.

टायरची हवा एकाच गेजने बघा, वीकेंडभर तोच. दोन गेज क्वचितच जुळतात. गाडी आत आल्या आल्या बघा, गप्पा नंतर, आणि उभी गाडी उन्हात असेल तर उन्हाकडचे टायर सावलीत घ्या, नाहीतर थंड हवेचा आकडाच खोटा.

वजन काठावर ठेवू नका. स्पा २०२४ ला मर्सिडीजचा रसेल एकाच पिटस्टॉपवर जिंकला, आणि इंधन काढल्यावर गाडी ७९८ किलोच्या मर्यादेपेक्षा दीड किलो हलकी भरली, विजय गेला आणि त्याच टीमच्या हॅमिल्टनला मिळाला. २०२५ ला शांघायला हॅमिल्टन, तोवर फेरारीत गेलेला, शनिवारी स्प्रिंट (छोटी रेस) जिंकला आणि रविवारी दोन्ही फेरारी बाद, लेक्लेरची एक किलो हलकी म्हणून आणि हॅमिल्टनच्या गाडीची तळाची फळी ९ मिलिमीटरच्या खाली झिजली म्हणून. रेसमध्ये टायर झिजतात, ब्रेक झिजतात, तेल जळतं, त्यामुळे शनिवार सकाळचं वजन रविवारच्या तपासणीला कामाचं नाही. आम्ही झिजलेले टायर लावून, टाकी रिकामी करून वजन करतो आणि वर तीन किलो ठेवतो. ड्रायव्हर कुरकुरतात, कुरकुरू देत.

नवीन ब्रेक पॅड क्वालिफाइंगला लावू नका, आधी काही लॅप चालवून डिस्कवर बसू द्या. ट्रान्सपाँडर (लॅपची वेळ नोंदवणारं यंत्र) आणि रेडिओ रात्रीच चार्जला. ड्रायव्हर्स ब्रीफिंगला ड्रायव्हरसोबत टीममधला एक माणूस जाऊ दे, ड्रायव्हर निम्मं ऐकतो.

आणि रविवारी हरलात की जिंकलात, ट्रकमध्ये सामान भरायच्या आधी दोन्ही गाड्यांची चाकं उतरवून स्टड, बेअरिंग आणि ब्रेकच्या नळ्या बघून घ्या आणि वहीत लिहा. घरी जाऊन करू म्हटलेलं पुढच्या रेसच्या शुक्रवारी पहाटे करावं लागतं, आणि तेव्हा परत सगळे एकाच गाडीखाली असतात.