एक ओगर की आठ गॉब्लिन: लढाईचं वजन कसं काढायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या कल्पनाविश्वातल्या खेळाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे तिसऱ्या लेव्हलचे चार खेळाडू धरा. त्यांच्यासाठी सोपी लढाई ३०० एक्सपीपासून (शत्रूला हरवल्याचे अनुभव-गुण), मध्यम ६००, अवघड ९०० आणि जीवघेणी १६०० पासून.

एक ओगर (धिप्पाड राक्षस) ४५० चा, म्हणजे सोपी लढाई. आठ गॉब्लिन (छोटे राक्षस) प्रत्येकी ५० चे, बेरीज ४००. पण ७ ते १० शत्रू असले की बेरजेला अडीचने गुणायचं: १०००, थेट अवघड. नवे डीएम (खेळ चालवणारे) नेमकं हे गुणणं विसरतात.

कारण पाळ्यांमध्ये आहे. ओगरचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) ५९, आठ गॉब्लिनचे मिळून ५६; जवळपास सारखेच. समोरच्या खेळाडूचा आर्मर क्लास (बचावाचा आकडा) १६ असेल तर ओगरला वीसबाजूच्या फाशावर १० लागतात आणि फेरीमागे सरासरी ७ नुकसान होतं. गॉब्लिनला १२ लागतात, पण फासे आठ पडतात: जवळजवळ २०. शिवाय ओगरची विझडम, म्हणजे अशा मंत्रांना तोंड देण्याची ताकद, फक्त ७. हिडियस लाफ्टर या हसवून लोळवणाऱ्या मंत्राने तो लोळला की शत्रूची सगळी पाळीच गेली.

गॉब्लिन हवेच असतील तर चार आधी आणा, चार तिसऱ्या फेरीत. किंवा ओगरसोबत दोन गॉब्लिन द्या: शत्रू तीन म्हणून गुणक दोन, ५५० दुणे ११००. कागदावर हीही अवघड, पण टेबलावर जास्त रंगते. हिट पॉइंट वाढवून मात्र काही साधत नाही, लढाई नुसती लांबते.