चेक इंजिनचा दिवा परत परत लागतोय? कोड उडवायच्या आधी एवढं करा

आपल्याकडे ठाण्यात काय किंवा वाशी-खारघरला काय, पद्धत एकच, दिवा लागला की गॅरेजवाला स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला फॉल्टचा नंबर, उडवतो, दिवा जातो आणि थोड्या दिवसांनी परत हजर. फॉल्ट जागेवरच असतो, तो जाणार कसा? वर कोडबरोबर फ्रीझ फ्रेम पण पुसली जाते, म्हणजे फॉल्ट आला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, स्पीड किती, ही सगळी नोंद. येऊन-जाऊन असणारा फॉल्ट पकडायला हीच सगळ्यात कामाची गोष्ट आहे, त्यामुळे आधी तिचा फोटो काढा, बाकी सगळं नंतर.

दिवा ब्लिंक होत असेल तर मात्र थांबा. इंजिन जोरात मिसिंग (मिसफायर) करतंय, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, आणि ते न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या पाईपमधल्या धूर साफ करणाऱ्या पार्टमध्ये, जाऊन त्याला जाळतंय, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तसंच रेटत बसू नका, बाजूला घ्या. दिवा स्थिर असेल, टेम्परेचर नॉर्मल असेल, ऑइलचा दिवा नसेल आणि गाडी नीट ओढत असेल तर हळू चालवत घरी न्यायला हरकत नाही.

स्वतःचा छोटा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड मोबाईलवर दाखवणारा) घ्याच, महाग नसतो. आयफोन असेल तर विचारून घ्या, साधे ब्लूटूथवाले बरेचसे त्याला जोडले जात नाहीत, वायफायवाला किंवा ब्लूटूथ एलईवाला घ्यावा लागतो. पोर्ट स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ असतो, सोळा पिनांचा. कार स्कॅनर किंवा टॉर्क अ‍ॅप टाका आणि चालू कोडबरोबर पेंडिंग कोड, म्हणजे फॉल्ट दिसलाय पण दिवा अजून लागलेला नाही असे, पण बघा.

आता महत्त्वाचं, कोडमध्ये ज्या पार्टचं नाव येतं तो पार्टच खराब आहे असं नसतं. पी०१७१ आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात, पण तो कोड फक्त एवढंच सांगतो की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. अ‍ॅपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःहून पेट्रोल किती टक्के वाढवतोय-कमी करतोय (शॉर्ट टर्म त्या क्षणाचं, लाँग टर्म बऱ्याच वेळचं), साधारण दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. स्लोवर, म्हणजे रेस न देता, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म मिळून वीस-पंचवीस दाखवतंय आणि रेस देऊन अडीच हजार आरपीएमला धरलं की खाली येतंय, तर कुठूनतरी जास्तीची हवा शिरतेय, व्हॅक्युम पाईप तडकलाय का, इनटेकचा क्लॅम्प सैल आहे का ते शोधा. उलट रेस दिल्यावर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे पंप, फिल्टर, इंजेक्टर, किंवा एअरफ्लो सेन्सर घाण झालाय.

मिसफायरचं तर घरीच कळतं. समजा पी०३०२ आहे, म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, दोनची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) तीनवर आणि तीनची दोनवर लावा, मग कोड उडवून गाडी फिरवा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेलेली आहे, दोनवरच राहिला तर प्लगची अदलाबदल करून बघा, तरी तिथेच असेल तर इंजेक्टर, वायरिंग नाहीतर कॉम्प्रेशन. या चाचणीला खर्च शून्य आहे आणि ती न करता चारही कॉइल बदलायला सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

सीएनजीवाल्यांनी आधी गाडी काही दिवस फक्त पेट्रोलवर चालवून बघा. पेट्रोलवर दिवा येत नाही, ट्रिम पण ठीक आहे, तर मग किटचं ट्युनिंग, गॅस फिल्टर आणि प्लग बघून घ्या, कारण सीएनजीला ठिणगी जास्त ताकदीची लागते, कमजोर प्लग-कॉइल आधी गॅसवरच उघडे पडतात.

आणि पावसाळ्यात दिवा येत-जात असेल, ऊन पडलं की गायब, तर सेन्सर बदलायच्या आधी कपलर, म्हणजे वायरचा जोड, उघडून बघा, पिनांवर हिरवट थर असतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. इंजिन वॉश केल्यावर प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं तेही बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर असतील तर बोनेट उघडून टॉर्च घेऊन वायरिंग नीट तपासा, अर्धवट कुरतडलेली वायर खड्ड्यात गाडी आदळली की सुटते आणि परत जुळते, आणि असा फॉल्ट गॅरेजमध्ये उभ्या गाडीत नुसता स्कॅनर लावून सहसा सापडत नाही.

पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड, आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नका, फार महाग पार्ट आहे तो. आधी मिसफायर असेल तर तो संपवा, नाहीतर नवाही जळेल. मग सायलेन्सरच्या पाईपला पुढे कुठे लीक आहे का बघा. इंजिन पूर्ण गरम करून मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज बघा, ०.६-०.७ च्या आसपास शांत असेल तर कन्व्हर्टर बहुतेक चांगला आहे, ०.१ ते ०.९ असं सारखं वरखाली नाचत असेल तर मात्र गेलाय समजा.

काम झालं की कोड उडवा, पण दिवा गेला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. बऱ्याच फॉल्टना दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी चालू करून चालवून बंद करण्याची एक फेरी) लागोपाठ दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. थंड इंजिनाने सुरुवात करून, पहाटे पाम बीच रोड किंवा ईस्टर्न एक्सप्रेसवर रस्ता मोकळा असताना एकाच वेगात बराच वेळ चालवा, थोडं सिग्नलमध्ये पण चालवा, असं दोन-तीनदा करा आणि मग अ‍ॅपमध्ये रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघा. सगळे पूर्ण दाखवतायत आणि पेंडिंग कोड रिकामा आहे, तरच गॅरेजवाल्याला शेवटचे पैसे द्या.